रंगनाथमामांची फॅशन

रंगनाथमामा फॅशनचे फोटो काढतात, पण समोरचा माणूस देखणा दिसायला लागला की कॅमेरा खाली ठेवतात. "आता तुमी क्यालेंडरवानी दिसायलाव," म्हणतात, "जरा खाजवा, शिंका, कायबी करा."

नळदुर्गात माझं कपड्यांचं दुकान आहे. लग्नसराईच्या जाहिरातीसाठी मी मामांना बोलावलं. त्यांनी बर्फाच्या डोंगराचा रंगवलेला पडदा हायवेलगतच्या तुरीच्या रानात उभा केला. पुढं एक ट्रक ड्रायव्हर. वर माझा ब्लेझर, खाली त्याची लुंगी. पडदा धरणारे दोन गडीही फोटोत.

"मामा, गडी दिसतायत की!"

"दिसू द्या. डोंगर खोटा हाय, ब्लेझर दुकानाचा हाय, ड्रायव्हर तेवढा खरा हाय. लोकान्ला कळू द्या की!"

पुण्यात शिकणारी माझी पुतणी फोटो बघून म्हणाली, "काका, हे तर पोस्टमॉडर्न आहे!" मामा दचकले. "पोस्टाचा आन् आपला काय संबंध न्हाय," त्यांनी तिथंच सांगून टाकलं.

तोच फोटो छापून हायवेवर फलक लागला. लोक गाड्या थांबवून हसले आणि दुकानात आले.

मग एका दुपारी शांतामामी आल्या. मामांची बायको. त्यांच्या चेहऱ्यावर कोड आहे, म्हणून पदर कायम ओढलेला. मामांनी साऱ्या गावाचे फोटो काढले, मामींचा एकही नाही. त्या बसतच नसत.

"फलकावर कुणीबी चालतंय म्हणं," मामी म्हणाल्या. "मग मी का नगं?"

त्यांनी स्वतःच मोरपंखी साडी निवडली. मामांना बोलावलं. मामा कॅमेरा वर करत होते, पुन्हा खाली घेत होते.

"पदर राहू द्यू का?" मामींनी विचारलं.

"तुझ्या मनावर."

मामींनी पदर खांद्यावर सोडला. मामा बराच वेळ शर्टाला चष्मा पुसत राहिले.

"आवरा की! मान अवघडली माझी."

फलकावर मामी लागल्या तेव्हा लोक हसतील, अशी मला धास्ती होती. कुणी हसलं नाही. दोघीतिघी तीच साडी मागत आल्या.

हल्ली रोज संध्याकाळी मामा फलकासमोरच्या ढाब्यावर एकटेच बसलेले असतात.

"मामा, रोज इथं?"

"इथला चहा बरा असतोय."

तो चहा ट्रकवालेसुद्धा अर्धा टाकून उठतात. मामा मात्र एक कप अंधार पडेपर्यंत पुरवतात.