फोटोसाठी नेमून दिलेली जागा

आमच्या शहरातल्या जपानी बागेत दीडशे वर्षांचा एक मेपल होता, आणि त्याच्यापाशी फोटो काढल्याशिवाय बागेबाहेर पडणे असभ्यपणाचे समजले जाई. मी सभ्य माणूस. दर रविवारी सहकुटुंब जात असे.

पूर्वी लोक वाटेल तिथे उभे राहत आणि वाद होत. म्हणून बागेच्या अधीक्षकांनी तीन महिने पाहणी करून, कुठे उभे राहिले की माणूस आणि झाड दोन्ही उत्तम येतात, ती जागा निश्चित केली. तिथे फरशी बसवून तीवर पिवळ्या रंगात दोन पावले काढली. फरशी नेमकी मुळांवर आली. पण फोटो झकास येत, हे मान्य करावे लागेल.

एरवी पानगळीआधी लाल होणारा मेपल पुढच्या वर्षी दोन महिने आधीच लालभडक झाला. लोक हरखले, रांग फाटकाबाहेर गेली. माळीबुवांचे तोंड मात्र उतरले. तीस वर्षे त्यांनी त्या झाडाला पोटच्या पोरासारखे जपले होते.

"साहेब, हा रंग नाही, हा ताप आहे," ते अधीक्षकांना म्हणाले. "मुळं गुदमरताहेत. फरशी काढा, रांग थोडे दिवस बंद करा."

"लेखी द्या," अधीक्षक म्हणाले. "आणि सोबत फोटो जोडा."

माळीबुवांनी कचेरीच्या कॅमेऱ्याने तडकलेली साल आणि खोडावरची बुरशी टिपली. अर्जाला फोटो जोडलेला असल्याने तो नियमानुसार प्रसिद्धी विभागाकडे गेला. विभागाने साल गुळगुळीत केली, बुरशी पुसली आणि फोटोला वार्षिक स्पर्धेत पहिले बक्षीस दिले. चौकाचौकात फलक लागले. गर्दी दुप्पट झाली, तेव्हा जनतेच्या सोयीसाठी उरलेल्या मुळांवरही फरशी बसवण्यात आली. माळीबुवांना प्रशस्तिपत्र मिळाले.

वसंतात मेपलला एकही पान फुटले नाही. चौकशी समिती बसली. झाड ठणठणीत असल्याचा पुरावा चौकाचौकात लागलेला होता, त्यामुळे निष्काळजीपणा माळ्याचाच ठरला. मूळ फोटो मागावा, तर सुधारित प्रत तयार होताच मूळ प्रत नष्ट करण्याचा नियम होता. निवृत्तीला चार महिने उरले असताना माळीबुवांच्या नोकरीवर गदा आली. समितीने मोठ्या मनाने आठ दिवस दिले आणि सांगितले, "खोड स्पष्ट दिसेल असा एखादा फोटो लोकांकडून आणा."

परवा ते माझ्या दारात उभे राहिले.

"दादा, तुम्ही तर दर रविवारी यायचात. तुमच्याकडे एखादा असेल?"

मला भरून आले. "एखादा? अहो, ढिगाने आहेत!"

चारशे बारा निघाले. पहिल्यात खोडापुढे मी. दुसऱ्यात आमची ही. तिसऱ्यात मेव्हणी, तिच्या मागे तिचे सासूसासरे. मग नव्या चष्म्यातला मी, साठ वेळा. एका फोटोत सगळे बाजूला सरकले होते. माळीबुवा श्वास रोखून पुढे वाकले. त्यात माझा अंगठा आला होता.

"राहू द्या, दादा," ते म्हणाले आणि पुढच्या घराकडे गेले. तिथेही हीच गत झाल्याचे समजले.

उद्या मुदत संपते. तुम्हीही कधीतरी त्या झाडापाशी गेला असालच. जरा फोन उघडून बघा. ज्यात तुम्ही नाही असा एखादा फोटो सापडलाच, तर कृपया आजच पाठवा.