अकरा अंड्यांची संयुक्त पाहणी

“एकवीस दिवस तिला उठवायचं नाही. घर पेटलं तर आधी घर विझव, पण तिला हात लावू नकोस,” असं थोरल्या बहिणीनं बाईंना बजावलं होतं. गेल्या वर्षी बहीण गेली, तिच्या कोंबड्या बाईंच्या परसात आल्या, आणि आता त्यांतली सगळ्यांत म्हातारी, पांढरी, खुडूक होऊन अकरा अंड्यांवर बसली होती. या वयात ती बसली हेच नवल. पुन्हा बसण्याची आशा नव्हती. बहिणीच्या हाताखाली वाढलेल्या कोंबडीची ही शेवटची पिल्लं. बाई निवृत्त शिक्षिका. चाळीस चाळीस मुलांना जागेवर बसवण्यात त्यांचा जन्म गेला होता. एका बसलेल्या कोंबडीला बसू द्यायचं, एवढंच आता काम होतं, आणि ते सोपं असेल असा त्यांचा समज होता.

तिसऱ्या दिवशी वसाहतीचे सेक्रेटरी कागद घेऊन आले.

“बाई, तुमच्या कोंबड्याची तक्रार आहे. पहाटे आरवतो. वीस घरांपैकी एकोणीस सह्या झाल्यात. तुमचीच राहिलीय.”

“माझ्याच कोंबड्याविरुद्ध?”

“एकमतानं गेलेलं बरं दिसतं हो. नाहीतर लोक म्हणतील, वसाहतीत फूट आहे.” मग सेक्रेटरींनी आवाज खाली आणला. “आणि सहा अंडी मिळतील का? घरच्या अंड्याची गोष्टच वेगळी. दुकानातलं म्हणजे नुसता पुठ्ठा.”

बाईंनी अंडी दिली, सही दिली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी अकरा वाजता पक्षी विभागाचे निरीक्षक आले. कोंबडा राखेत लोळत होता. निरीक्षकांनी पाऊण तास खुर्चीत बसून कान दिला आणि लिहिलं, ‘पक्षी शांत आढळला.’

“तो पहाटे पाचला आरवतो,” बाईंनी सांगितलं. खोटं बोलायचं नाही, आणि खरं बोलण्यासारखं असताना गप्प बसायचं नाही, असा त्यांचा नेम होता.

“ती वेळ कार्यालयीन नाही. ती आम्हाला ऐकू येत नाही.”

तक्रारीत तथ्य नाही असं ठरलं. पण आलोच आहोत तर निदान मोजणी करावी, म्हणून निरीक्षकांनी पक्षी मोजले. पाच कोंबड्या, एक कोंबडा. एका परसात सहाची मर्यादा. सगळं नियमात होतं. तेवढ्यात पांढरीनं पोटाखालचं एक अंडं चोचीनं सरकवलं.

“खाली किती आहेत?”

“अकरा.”

“म्हणजे सतरा!” निरीक्षकांनी पेन उघडलं. “संभाव्य अतिक्रमण.”

“अहो, अजून जन्मली नाहीत ती.”

“म्हणून तर संभाव्य. वाढीव पक्ष्यांची परवानगी घ्या. अर्ज केला की कामाचे तीस दिवस लागतात.”

“पण अंडी एकवीस दिवसांत फुटतात.”

“कामाचे एकवीस?”

“नाही, सलग. ती रविवारीही बसते.”

निरीक्षक गंभीर झाले. ‘पक्षी सुट्टीच्या दिवशी विनापरवाना कार्यरत,’ त्यांनी लिहिलं.

मग प्रश्न असा आला की, जे जन्मलं नाही त्याला पक्षी विभागानं पक्षी कसं म्हणावं? फाइल अन्न विभागाकडे गेली. अन्न विभागाच्या मॅडमनी लेखी मत दिलं : चोच बाहेर येईपर्यंत अंडं हा अन्नपदार्थ आहे, आणि अन्नपदार्थ फ्रीजमध्ये ठेवणं बंधनकारक आहे. पक्षी विभागानं उलट लिहिलं : आत जीव असल्यास तो उबेत ठेवणं बंधनकारक आहे. तेव्हा जीव आहे का ते पाहायला निरीक्षक आठव्या दिवशी पुन्हा आले.

पांढरी दिवसातून एकदाच, पाणी प्यायला, आपणहून उठायची. ती उठेपर्यंत बाईंनी निरीक्षकांना दीड तास उभं केलं. मग एक अंडं पदरात घेऊन त्यांना खिडकी नसलेल्या कोठीच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि अंड्याखाली टॉर्च धरला. तांबूस उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसल्या. मधोमध एक ठिपका टुकटुक करत होता.

“अरेच्चा,” निरीक्षक पुटपुटले. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी पक्षी फक्त मोजले होते. “हलतंय की हो!”

“हलतंय ना? तसंच लिहा.”

निरीक्षकांनी बाहेर येऊन चष्मा पुसला आणि लिहिलं, ‘हालचाल आढळली. कारण अज्ञात.’

या अहवालावर दोन्ही विभागांची संयुक्त बैठक झाली आणि कुणाचंही मन न दुखवणारा आदेश निघाला. अकरा अंडी कार्यालयीन वेळेत फ्रीजमध्ये ठेवावीत, उरलेल्या वेळेत कोंबडीखाली.

आदेश वाचून बाई तडक अन्न विभागाच्या कार्यालयात गेल्या. त्यांचा आवाज मुळातच हळू. त्यांनी आदेश मॅडमपुढे धरला.

“मॅडम, तासन्‌तास गार पडली तर मरतील हो सगळी.”

“मग तर वादच मिटेल,” मॅडम समजुतीनं म्हणाल्या. “बाई, तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका. आदेशात काय लिहिलंय? अकरा अंडी फ्रीजमध्ये. मी रोज येऊन अकरा मोजीन. झालं!”

बाईंनी आदेश पुन्हा वाचला. पस्तीस वर्षं निबंध तपासलेले डोळे. “यात कुठली अकरा, ते नाही.”

“अंडी सगळी सारखीच दिसतात,” मॅडम म्हणाल्या.

परतताना बाईंनी दुकानातून अकरा अंडी घेतली. दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या तेव्हा बाई म्हणाल्या, “ही दुकानातली आहेत बरं का. कोंबडीची कोंबडीखालीच आहेत.”

“कुठून आणली याचा रकाना माझ्या फॉर्ममध्ये नाही,” असं म्हणून मॅडमनी अकरा अंड्यांवर अकरा शिक्के मारले. त्याच वेळी परसात निरीक्षक खुराड्यापुढे उकिडवे बसले होते. पांढरी पाण्यावर गेली तेवढ्यात त्यांनीही मोजली. अकरा. बाईंनी त्यांनाही फ्रीजची हकिगत सांगितली. “फ्रीज माझ्या अखत्यारीत नाही,” ते म्हणाले, आणि जाताना कोंबडीपुढे चार दाणे टाकून गेले.

रोज अकरा वाजता स्वयंपाकघरात अकरा आणि परसात अकरा. दोन विभागांचा आकडा पहिल्यांदाच सलग जुळला म्हणून दोघांना प्रशस्तिपत्र मिळालं.

एकविसाव्या दिवशी दहा अंडी फुटली. एक आतून रिकामंच निघालं. पांढरीच्या पंखांतून दहा पिवळी डोकी बाहेर आली तेव्हा बाईंनी हात जोडले.

निरीक्षकांची मात्र झोप उडाली. “परसात दहा पिल्लं, आणि मॅडमच्या अहवालात अकराच्या अकरा अंडी शाबूत! आमच्यातलं कुणीतरी चुकलंय म्हणावं, तर प्रशस्तिपत्र परत घेतील.” शेवटी वरिष्ठांनी तोडगा काढला. नोंद झाली, ‘सदर पिल्लं अंड्यांशिवाय जन्मली.’ शिक्क्यांची अंडी पुढील आदेशापर्यंत फ्रीजमध्येच राहिली.

वसाहत लोटली. ज्यांच्या सह्या होत्या तेच पिल्लांना तळहातावर घेऊन फोटो काढू लागले. “अय्या, कापसाचा गोळाच!” “बाई, एक आम्हाला हं!” सेक्रेटरी तर रुमाल पसरून बसले. “मला एक ठेवाच. पण कोंबडी द्या. कोंबडा निघाला तर नाइलाजानं तक्रार करावी लागेल.”

“कोंबडाच नसता तर ही पिल्लं कुठून आली असती?” बाईंनी विचारलं.

“तो झाला तांत्रिक भाग,” सेक्रेटरी म्हणाले.

आता पक्षी सोळा, मर्यादा सहाची. निरीक्षकांनी हमीपत्राचा कागद पुढे केला. “साठ दिवसांत दहा पक्षी हलवीन, असं लिहून द्या. तोवर आईपाशी राहू देत. कुणाकडे देणार ते मात्र नावानिशी हवं.”

बाईंनी मागणी केलेल्यांची नावं लिहिली. नऊ झाली. दहावी ओळ रिकामी.

“रिकामी चालत नाही,” निरीक्षक म्हणाले. “लिहा, ‘इच्छुक नागरिक’.”

बाईंनी लिहिलं, खाली सही केली. कोंबडी की कोंबडा, असा रकाना हमीपत्रात नव्हता.

साठ दिवसांत दहांपैकी सातांना तुरे फुटले. साठाव्या दिवशी सकाळी बाईंनी आंघोळ, पूजा उरकली, टोपलीत पहिले दोन पक्षी घातले, वर ओलं फडकं टाकलं आणि सेक्रेटरींची बेल वाजवली. मग पुढची दारं. बहुतेक दारांत आधी आनंद, मग तुऱ्याकडे नजर, मग “अहो बाई, पण...” बाई हसून हमीपत्र दाखवत. संध्याकाळपर्यंत नऊ पोचले.

दहावा टोपलीत आहे. बाई वसाहतीच्या फाटकाबाहेर पडल्यात, घाई न करता, इच्छुक नागरिकाच्या शोधात. फार शोधावं लागेल असं त्यांना वाटत नाही. घरच्या अंड्याची गोष्टच वेगळी असं म्हणणारी आणि पहाटे पाचला कान झाकून घेणारी माणसं सगळ्याच गल्ल्यांत राहतात. वाचता वाचता तुमची बेल वाजली, तर जरा उठाल का?