पोरकट? मी?

कुलपं विकण्यात माझी तीस वर्षं गेली. एखादी गोष्ट लावून धरणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. त्यामुळे परवा बायको मला ‘पोरकट’ म्हणाली, तेव्हाच मी ठरवलं, हा शब्द तिला मागे घ्यायला लावायचा म्हणजे लावायचाच.

कारण अगदी क्षुल्लक. कॅरममध्ये मी हरत होतो आणि माझा हात लागून बोर्ड उलटला. (दोनदा.)

“एकवेळ बालिश म्हण!” मी म्हणालो.

“बालिश म्हणजे ज्याला समज नाही तो,” मुलगी पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाली. “समजत असून तसं वागतो, तो पोरकट. आईचा शब्द बरोबर आहे, बाबा.”

(मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. पोरीला एवढं शिकवलं ते याचसाठी!)

दुकान घराला लागूनच. सकाळी बायको गल्ल्याशी बसली, तसा मी मागच्या मालाच्या खोलीत शिरलो. आतल्या कडीला आमचं सगळ्यात दणकट, सात लिव्हरचं कुलूप अडकवलं आणि दाबलं. खट्ट! किल्लीशिवाय नुसतं दाबून लागतं, ही त्याची खुबी.

“शब्द मागे घेतल्याशिवाय मी बाहेर येणार नाही!”

“आणि घेतला तर कसे येणार? किल्ली इथे खिळ्यावर लटकतेय.”

नमुन्याच्या कुलपाची किल्ली गल्ल्यामागच्या खिळ्यावरच ठेवायची, नाहीतर गिऱ्हाईक खिशात घालून चालू लागतं. दुकानाचा हा नियम माझाच.

“देऊ का? फक्त ‘हो, मी पोरकट आहे’ एवढं म्हणा.”

“मरेन, पण म्हणणार नाही!”

तेवढ्यात बालवाडीच्या मुख्याध्यापिकाबाई आल्या. चाळीस कपाटांना चाळीस कुलपं! या ऑर्डरसाठी मी महिनाभर त्यांच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. मी श्वास रोखून बसलो.

“मालक कुठे आहेत?”

“आत. रुसलेत,” बायकोनं सांगूनच टाकलं. (संपलं! मी कपाळाला हात लावला.) “पण कुलूप बघा बाई, खुद्द मालकालाही उघडत नाही. पाच लिव्हरचं...”

“सात!” मी आतून ओरडलो.

बाई दाराशी आल्या. “ओढून दाखव बघू, बाळ.”

गिऱ्हाईक म्हणजे देव. मी ओढलं.

“शाब्बास! आता लाथ मार.”

मारली. दार हललंसुद्धा नाही. मी मात्र एका पायावर नाचलो.

“चाळीस द्या,” बाई म्हणाल्या.

मग किल्ली दाराखालून आत सरकली. शब्द काही कुणी मागे घेतला नाही. मी ताठ मानेनं, किंचित लंगडत बाहेर आलो, तेव्हा बाई बायकोला समजावत होत्या, “हट्टी असतात अशी मुलं. दुपारी तासभर झोपवत जा, संध्याकाळी त्रास देत नाहीत.”

बायकोनं त्याच दिवसापासून अंमलबजावणी सुरू केली. मी कडाडून विरोध केला. तत्त्वाचा प्रश्न होता!

दुसऱ्या दिवशी दुपारी ती उठवायला आली, तेव्हा मीच पांघरूण डोक्यावर ओढून म्हणालो, “अजून पाचच मिनिटं!”