गजाभाऊंच्या विम्याचा फॉर्म

आधीचे आजार लिहायला विम्याच्या फॉर्मवर दोन ओळी सोडलेल्या असतात. आमच्या देवासच्या गजाभाऊंनी त्याला सात पानं जोडली.

"कागदाशी खोटं नको," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पूर्वज संस्थानच्या दफ्तरात लिहिणारे, स्वतः तीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये रजिस्टर लिहिणारे. त्या सात पानांत नालछ्याच्या रस्त्यावर सायकलवरून पडून सुजलेला कोपर होता, धारच्या एका लग्नात लागलेली दोन दिवसांची उचकी होती, आणि व्यसनांच्या रकान्यात 'शेव, रोज एक वाटी. भांग एकदा, शिवरात्रीला, अजाणता' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. मी त्यांचा भिंतीपलीकडचा शेजारी. चुका तपासायला ती पानं त्यांना वाचून दाखवायचा मान मला मिळाला.

हा उद्योग सुरू झाला नोकरी सुटल्यावर. कारखाना परराज्यात हलला, बाकीचे गेले. त्यांच्या थोरल्या भावाच्या पत्नी, वहिनीसाहेब, देवास सोडायला तयार नाहीत म्हणून गजाभाऊंनी चौपन्नाव्या वर्षी राजीनामा दिला. नोकरीबरोबर कंपनीचा विमाही गेला, आणि त्यात कंपनीच्या खास परवानगीने आश्रित म्हणून वहिनीसाहेबही होत्या. त्यांना शुगर, बीपी, शिवाय डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी बोलून ठेवलेलं.

घरात माणसं ही दोनच. गजाभाऊंची आई लवकर गेली. ते सहा वर्षांचे असताना वहिनीसाहेब लग्न होऊन आल्या आणि दिराचा डबा, दप्तर, गोवर, सगळं त्यांच्या गळ्यात पडलं. पुढे थोरले भाऊ गेले, गजाभाऊंनी लग्न केलं नाही. आता परवडेल असा विमा मिळाला नाही तर पुढचं मोठं आजारपण झेपणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

देवासचे तीन एजंट सात पानं बघून गेले ते फोनच उचलेनात. एका कंपनीने तर उचकीचे डॉक्टरी कागद मागितले. गजाभाऊंना त्याचा आनंदच झाला. "बघा, मन लावून वाचतात," म्हणाले.

शेवटी सोनकच्छहून मनोज नावाचा एजंट आला. त्याने पोहे खाल्ले, पानं चाळली आणि हात जोडले. "भिया, इतना तो कोई डॉक्टर को भी नी बताता."

मग तो मुद्द्यावर आला. दोघांचा एकच विमा घेतला तर हप्ता आवाक्यात येईल, पण कुटुंबाच्या विम्यात वहिनी बसत नाही. आई बसते. "सरनेम तो एकच है. माँ लिख दो, कौन देखने आ रिया है?"

मला तर लगेच पटलं. मी तसा सोयीचा माणूस. गजाभाऊंनी पेनाला टोपण लावलं. "माझ्यापेक्षा बाराच वर्षांनी मोठ्या आहेत त्या. कागदाशी खोटं नको, भिया."

मग दोन वेगळे विमे ठरले. वहिनीसाहेबांचा महाग पडला, म्हणून गजाभाऊंनी स्वतःसाठी सगळ्यात लहान घेतला. त्यात उचकीला दोन वर्षं काही मिळणार नाही असं निघालं, तेवढं त्यांना जरा लागलं.

वहिनीसाहेब आपला फॉर्म भरायला स्वतः बाहेर येऊन बसल्या. त्या सांगत होत्या, गजाभाऊ लिहीत होते. नॉमिनी म्हणून त्यांनी गजाभाऊंचं नाव घातलं.

"रिश्ता?" मनोजने विचारलं.

"मुलगा लिहा, भाऊजी," वहिनीसाहेब म्हणाल्या. "फॉर्म माझा आहे. त्यावर मी सांगेन तेच येईल."

मी आणि मनोज, दोघेही गजाभाऊंकडे बघत राहिलो. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी त्या रकान्यात सावकाश तो एक शब्द लिहिला आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला. साक्षीदाराची सही हवी होती. इतक्या खात्रीने मी आजवर कुठल्याच कागदावर सही केलेली नाही.