अडतीस नंबरचा आवाज

चिखली तालुक्यातल्या आमच्या शाळेचं नाव मी सांगणार नाही, कारण शाळेचा सत्कार अजून व्हायचा आहे. मी सुधाकर, तिथला इंग्रजीचा शिक्षक. बावीस वर्षं मी ‘वॉक्ट’ला ‘वॉकेड’ शिकवत आलो आणि गावातला एकही माणूस त्यामुळे चालायचा थांबला नाही.

यंदा वरून परिपत्रक आलं. सातवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने इंग्रजी क्रियापदांच्या आणि अनेकवचनांच्या शेपट्या शुद्ध उच्चारून तो आवाज ॲपवर चढवावा. कुठे ट, कुठे ड, कुठे इड. पुस्तकांना स, कुत्र्यांना झ. पास होईल त्याला शहरातल्या निवासी शाळेत मोफत जागा. निकाल शंभर टक्क्यांच्या खाली गेला तर शिक्षकाचा लेखी खुलासा.

सरावाच्या दिवशी ॲपने सगळ्यांना नापास केलं, मलासुद्धा. पास झाली एकटी पुष्पांजली.

‘गळ्याले दोन बोटं लावा सर,’ ती म्हणाली. ‘गळा गुणगुणला तं ड, गप राह्यला तं ट.’

मी लावली. माझा गळा फक्त खाकरला.

तिला त्या शाळेत जायचंच होतं. तिच्या बापाने, पुंजाजीने, पत्र्याची पेटीसुद्धा आणून ठेवली होती.

मुख्याध्यापक रामरावांनी मार्ग काढला. ‘पोरीचा आवाज चालते ना? मंग सगळ्याइच्या नावावर तोच चढवा. ॲपले काय तोंड दिसते?’

काम रीतसर व्हावं म्हणून हजेरीपटाप्रमाणे केलं. पटावर आधी मुलगे, मग मुली, हे आमच्याकडे पूर्वापार. पुष्पांजली शेवटची, अडतीस नंबर. गळ्याला बोटं लावून ती गोविंदा झाली, ज्ञानेश्वर झाली, इंद्रभान झाली. मधेच सरपंचांचा पाचवीतला नातू झाली. तपासणीला आलेले साहेबही झाली, कारण तपासणाऱ्यानेही आधी स्वतःचा आवाज चढवावा, असं परिपत्रकात होतं.

‘सर, माहा नंबर कधी येईन?’

‘लाइनीनं येईन वं.’

आला. ती स्वतःच्या नावावर बोलली, नेहमीसारखंच शुद्ध. ॲप नक्कल तपासायचं ते पट संपताना, शेवटच्या नावावर. लाल अक्षरं उमटली: हा आवाज याआधी एकोणचाळीस जणांचा आहे. नक्कल. उमेदवार बाद.

आता शंभर टक्क्यांचं काय? रामरावांनी पट ओढला आणि तिला त्या दिवशी गैरहजर मांडलं. दिवसभर शाळेत फक्त तीच बोलत होती. मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू? पण खुलासा लिहायचीही भीती वाटली, आणि ती जास्त वाटली.

सत्काराला इंग्रजीतून आभार मानायचे आहेत. ते काम तिच्याकडेच दिलंय, पडद्यामागून.

पालकसभेत पुंजाजी उभा राहिला. ‘माह्या पोरीचा आवाज तिले वापस द्या,’ एवढंच म्हणाला. सगळे हळहळले. अन्याय झाला, असं प्रत्येकजण म्हणाला. मग मी विचारलं, कोण आपल्या लेकराचं नाव मागे घेतंय? सदतीस घरं सतरंजीकडे बघत बसली.

तुम्ही तिथे असता तर हात वर केला असता म्हणता? बरं. पोराचं नाव सांगा, आत्ता खोडतो.