मास्तरांनी पेढे परत मागितले

वाटलेले पेढे परत मागायला दारोदार फिरलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी, कट्टीमास्तर.

जुन्या हुबळीत आमची दोन घरं, मधे एकच भिंत. मी सुतार, शाळा चौथीला सोडली. मास्तर धारवाडला कॉलेजात गणित शिकवायचे. लग्न नाही, मागंपुढं कुणी नाही. हुबळी म्हैसूर राज्यात गेली त्या सुमारास भाड्यानं आले ते कायमचेच.

त्यांचं एक गणित वर्षानुवर्षं चाललं होतं. माझी बायको यमुना एकदा धुणं वाळत घालत होती, तर हे दोरीपुढं येऊन उभे.

"अक्का, दोन्ही टोकं पक्की बांधलीत. मधे झोळ किती पडेल ते ओझ्यावर. पण ओझंच जर झोळाप्रमाणं बदलत गेलं, तर दोरी कुठंतरी स्थिर होईल का?"

"होईल की. मग झोळ किती?"

"ते मी नाही सांगत. स्थिर होणारा एखादा झोळ असतोच, एवढं सिद्ध करायचं."

मी रंधा थांबवला. "आणि याचा पगार देतात?"

"देतात, अण्णा."

"मग मीपण गिऱ्हाइकाला सांगतो, तुमचं कपाट आहेच, कुठं ते विचारू नका."

यमुनेनं डोळे वटारले.

घरातही त्यांचं तेच. चष्मा सापडेना. "काढून ठेवल्यापासून मी बाहेर गेलो नाही. म्हणजे तो घरात आहे. झालं तर!" असं म्हणून समाधानानं बिनचष्म्याचे निघाले. बसची पाटी दिसली नाही, गदगला जाऊन उतरले.

एक दिवस सिद्ध झालं म्हणून त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. दुसऱ्या सकाळी पुन्हा दारोदार. "माफ करा. चूक निघाली. पेढे उरले असतील तर परत द्या, खोट्याचे आहेत." लोक पोट धरून हसले.

आमच्या दारात आले तेव्हा यमुना अंथरुणावर होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते मी तिला सांगितलं नव्हतं. तिला ठाऊक होतंच.

"पेढा पोटात गेला, मास्तर. चुकलं काय ते सांगा."

"दोरी खाली खालीच जात राहणार नाही, कुठंतरी थांबेल, हे मी धरून चाललो, अक्का. दाखवलंच नाही."

"मग दाखवा की. मला ऐकायचंय. जरा लवकर करा मात्र."

तेव्हापासून रोज संध्याकाळी पाटी घेऊन ते तिच्या उशाशी बसायचे. लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे. तिला अक्षर कळत नसे, तरी ऐकायची. मला राहवेना. म्हटलं, "मास्तर, ती कण्हतेय आणि तुमची दोरी काय घेऊन बसलाय!"

"अहो, असू द्या," तीच मला म्हणाली. "ते बोलतात तेवढा वेळ दुखत नाही."

ती गेली. गणित अर्धंच होतं.

मास्तर तिरडीला खांदा देऊन गेले, ते नंतर आमच्याकडं फिरकले नाहीत. कित्येक महिन्यांनी त्यांची चौकट वाळवीनं खाल्ली म्हणून मीच हत्यारं घेऊन गेलो. काम करता करता विचारलं, "गणिताचं काय झालं?"

"झालं."

"खरंच? कधी?"

"दसऱ्याच्या आधी. ताडून पाहिलं, अण्णा. या वेळी बरोबर आहे."

"आणि छापायला?"

"पाठवलं नाही. कुणाला सांगितलंही नाही." ते खाली बघत म्हणाले, "अक्कांचं वर्ष व्हायचंय अजून."

आमच्यात माणूस गेलं की वर्षभर घरात सण नाही, गोड नाही, आनंदाची गोष्ट नाही. पण ते घरच्यांनी पाळायचं. माझं तोंड मुळातच फटकळ. बोलून गेलो, "वर्ष मी पाळायचं. नवरा मी. तुमचं काय नातं?"

मास्तर अर्ध्या उखडलेल्या चौकटीला हात लावून उभे राहिले.

"माझ्या घरातलं तेवढंच माणूस होतं, अण्णा."

मी पटाशी खाली ठेवली. तिथंच भुश्शात बसलो आणि शेजारची फरशी हातानं झाडून त्यांना जागा केली.

"बसा. आता पहिल्यापासून सांगा," मी म्हणालो. "मला काही कळणार नाही. तरी सांगा."