कडुबारावांच्या गाडीतली बाई

पोलीस खात्याच्या लिलावातून घेतलेली गाडी दारात येऊन उभी राहिली, तेव्हा रत्नमालाबाईंनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "यात बसायचं कोण? चोर का पोलीस?"

"पुढं पोलीस, मागं चोर," कडुबाराव म्हणाले.

"मग मी पुढंच बसनार. आधीच सांगून ठेवते."

कडुबारावांनी मान डोलावली. तेहतीस वर्षं त्यांनी एका वाचनालयात ग्रंथपालाची नोकरी केली होती. तिथं मोठ्यानं बोलायची सोय नसते. निवृत्त झाले तरी आवाज काही वर आला नाही. भाजीवाला त्यांना तीनदा "काय म्हनले काका?" विचारी आणि शेवटी कंटाळून वांग्याऐवजी दोडकी देई. रिक्षावाले मान हलवून त्यांना भलत्याच गल्लीत सोडत. आयुष्यात त्यांच्या सांगण्यावरून कुणी डावीकडे वळलं नव्हतं की उजवीकडे.

गाडी मात्र दणकट निघाली. खात्यानं लाल दिवा, सायरन, वायरलेस सगळं काढून घेतलं होतं. दारावरची अक्षरंही खरवडली होती, पण तिरपं ऊन पडलं की 'पोलीस' हा शब्द पांढऱ्या पत्र्यावर पुसट उमटायचा. रंगारी पुढच्या आठवड्यात येणार होता. उरला प्रश्न आतल्या भगदाडाचा. जिथं वायरलेस होता तिथं आता चार तुटक्या वायरी लोंबत होत्या.

"हे असलं भोक बघत मी मोठ्या भाऊजींच्या वास्तुशांतीला जानार नाय," रत्नमालाबाईंनी जाहीर केलं.

मोठे भाऊजी म्हणजे सांडूराव. कडुबारावांचे थोरले बंधू. धाकट्याच्या वाट्याचा आवाजही बहुधा त्यांनीच घेतला असावा. चार वर्षांपूर्वी कडुबारावांच्या मुलीच्या, मेघाच्या लग्नात ऐन पंगतीत ते गरजले होते, "वरनात मीठ नाय!" वरपक्षाकडच्या माना वळल्या. कडुबाराव घाईनं त्यांच्या कानाशी वाकून पुटपुटले, "दादा, हळू बोला." सांडूरावांना ऐकू आलं, "दादा, हलू लागा," म्हणजे चालू पडा. ते भरल्या ताटावरून उठले ते थेट घरी गेले. तेव्हापासून दोघा भावांत बोलणं नव्हतं. आता पडेगावच्या पुढं नव्या वसाहतीत त्यांनी घर बांधलं होतं आणि टपालानं कार्ड आलं होतं. नुसतं छापील. हातानं एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. कडुबारावांनी ते कार्ड अकरा वेळा उलटून पाहिलं होतं.

भगदाडाची हकिगत मेघाला कळली तेव्हा तिनं पुण्याहून एक मोठा टचस्क्रीन पाठवून दिला. त्यात गाणी होती, फोन होता, नकाशा होता आणि रस्ता सांगणारी एक बाई होती. तो बसवायला गाडी चांदपाशाच्या दुकानात गेली. चांदपाशानं टेपरेकॉर्डरच्या जमान्यापासून शहरातल्या निम्म्या गाड्यांना गाणं शिकवलं होतं. डॅशबोर्डखाली डोकं घालून तो आतूनच बोलत होता.

"कडुबाभाई, पोलिस का माल है. वायर बघा, बोटाएवढी जाड! ही मागच्या स्पीकरला गेलेली दिसते. असं करतो, गाना आगे, रास्ता पीछे. म्हनजे दोघांची टक्कर नक्को."

स्क्रीन लागला. पुढून गाणं सुरेख वाजलं. मागून मात्र काहीच आवाज आला नाही.

"स्पीकर जुना है," चांदपाशा म्हणाला. "गरम हुआ तो चलेगा. अन् खाली एक खटका हाय, तो कशाचा मालूम नहीं. राहू द्या तसाच."

ती वायर मागं गेलीच नव्हती. ती पुढच्या जाळीआड, चिखलानं माखून खात्याच्या नजरेतून सुटलेल्या भोंग्याला गेली होती. गर्दी पांगवण्यासाठी, मोर्चा थोपवण्यासाठी बसवलेला भोंगा. आणि तो खटका त्याचा होता.

वास्तुशांतीच्या दिवशी रत्नमालाबाई भेटीदाखल पितळेची समई घेऊन पुढं बसल्या. पिशवी पायाशी लवंडत होती, म्हणून त्यांनी ती हाताला लागलेल्या खटक्याला अडकवली. वजनानं खटका खट्कन खाली आला. त्यांनी काचा वर केल्या, गार हवा सुरू केली, गाणं मोठं केलं आणि स्क्रीनवर पत्ता टाकला.

क्रांती चौकात सिग्नल लाल होता. पुढं रिक्षा, शेजारी बायकांनी भरलेली मिनीबस, भोवती पाच-पन्नास दुचाक्या. तेवढ्यात चौकात कडाडलं, "शंभर मीटरवर डावीकडे वळा!"

पुढच्या रिक्षावाल्या नोमाननं दचकून आरशात पाहिलं. मागं पांढरी गाडी, तिच्या अंगावर पुसट 'पोलीस'. त्याला सरळ शहरात जायचं होतं, पण त्यानं गुमान डाव्या बाजूचा दिवा लावला. मिनीबसवाल्यानं लावला. सिग्नल हिरवा झाला आणि सरळ जाणारी, उजवीकडे वळणारी, नुसतीच टपरीवर चहा प्यायला निघालेली सगळी वाहनं डावीकडे वळली.

बंद काचांच्या आत कडुबारावांना गाण्यामागून कुण्या बाईचा दरडावणीचा आवाज पुसटसा ऐकू आला. त्यांनी घाईनं आरशात पाहिलं.

"आपल्या मागं पोलीस लागलेत," ते म्हणाले.

"काय?"

"पोलीस लागलेत!"

"अहो, आपलीच गाडी पोलिसाची हाय. आपल्यामागं कोन लागंल?"

बाबा पेट्रोल पंपापाशी आवाज आला, "सरळ पुढे चला!" पंपात शिरणाऱ्या तिघांनी हँडल सरळ केलं. त्यातल्या एकाच्या गाडीतलं पेट्रोल पुढच्या चढावर संपलं, तर तो उतरून गाडी ढकलत सरळ चालत राहिला. नगर नाक्याला उजवीकडे वळायचं होतं. पण बाई काही सांगायच्या आतच, पोलिसांना चुकवण्याच्या घाईत कडुबारावांनी गाडी डावीकडं दामटली. तिचा डावा दिवा पाहून पुढची-मागची वाहनंही गुमान तिकडंच वळली.

"यू-टर्न घ्या!"

आता रत्नमालाबाईंनी काच खाली केली आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "अहो, ही तर आपल्याच गाडीच्या पोटातून बोलतीय!"

"यू-टर्न घ्या!" बाई पुन्हा म्हणाली. पुढची रिक्षा वळली. मिनीबस वळली. मागच्या तीस-चाळीस गाड्या ओळीत, एकमेकींना न घासता वळल्या. कडुबाराव सगळ्यांत शेवटी वळले, कारण त्यांना धक्का पचवायला वेळ लागला.

त्यांनी स्क्रीन बंद करायला बोट लावलं. आवाजाची पट्टी वर सरकली. त्यांनी चांदपाशाला फोन लावला.

"आवाज आला ना?" चांदपाशा खुशीत ओरडला. "मैं बोला था, गरम हुआ तो चलेगा! अब मजे करो!" आणि त्यानं फोन ठेवला.

नाक्यावर हवालदार सोमनाथ उभे होते. बारा वर्षांच्या नोकरीत इतकी वाहनं एका शब्दात वळलेली त्यांनी पाहिली नव्हती. ते धावत खिडकीशी आले आणि त्यांनी सलाम ठोकला.

"साहेब, कुठला बंदोबस्त?"

कडुबारावांनी खरं ते सांगितलं, पण आपल्या आवाजात. "पडेगावला सांडूंच्या वास्तुशांतीला चाललोय हो."

सोमनाथांच्या कानावर 'पडेगाव', 'सांडू' आणि 'शांती' एवढंच पडलं. "शांतता समितीची मीटिंग? पडेगावला? आम्हाला कुनी कळवलंच नाय साहेब! चला, मी पुढं होतो."

"अहो, तसं नाय..." कडुबाराव म्हणाले. ते फक्त समईनं ऐकलं.

मग हवालदारांची मोटारसायकल पुढं, तिच्यामागं नोमानची रिक्षा, मिनीबस, दुचाक्या आणि मधोमध कडुबाराव, अशी ती मिरवणूक निघाली. ओलांडून जायची कुणाची हिंमत नव्हती. थांबायची तर नव्हतीच. पोलिसांनी वळवलंय म्हणजे पुढं काहीतरी मोठं झालं असणार, या समजुतीनं वाटेत आणखी आठ-दहा जण सामील झाले.

सांडूरावांच्या नव्या घरापुढं मांडव टाकला होता. खुर्च्या दोनशे होत्या आणि माणसं नऊ, त्यात भटजी आणि आचारी धरून. घर बांधताना सांडूराव गवंड्याशी भांडले होते, शेजाऱ्यांशी भांडले होते, मुहूर्तावरून व्याह्यांशी आणि कार्डावरच्या नावांच्या क्रमावरून उरलेल्या सगळ्या भावकीशी. आचारी दर अर्ध्या तासानं येऊन विचारत होता, "बुंदी झाकून ठेवू का?" सांडूराव त्याच्याशीही भांडले होते. आता ते कमरेवर हात ठेवून रिकाम्या रस्त्याकडं पाहत होते आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना ओरडायला माणूस उरला नव्हता.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी धूळ उठली आणि सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल असं कुणीतरी म्हणालं, "आपण आपल्या ठिकाणी पोहोचला आहात!"

वाहनं थांबली. माणसं उतरून चुळबुळत उभी राहिली. मिनीबसमधून सोयगावच्या बचत गटाच्या केसरबाई उतरल्या आणि कडुबारावांसमोर येऊन हात जोडून म्हणाल्या, "सायेब, तिकडं प्रदर्शनात आमच्या पापडाचा ठेला लागायचाय. आमचं चुकलं काय, तेवढं तरी सांगा!"

"सांडूसाहेब कोण?" सोमनाथांनी विचारलं.

"मीच!" सांडूराव गरजले.

"समितीची मानसं आनलीत साहेब."

"कसली समिती?"

रत्नमालाबाईंनी समईची पिशवी काढली तसा खटका वर गेला, बाई गप्प झाली आणि मग हळूहळू उलगडा झाला. कडुबाराव सांगत गेले आणि रत्नमालाबाई त्यांचं प्रत्येक वाक्य मोठ्यानं पुन्हा म्हणत गेल्या. सोमनाथांचा चेहरा आधी लाल झाला, मग काळवंडला. त्यांनी ज्याला सलाम ठोकला होता तो निवृत्त ग्रंथपाल निघाला होता.

"म्हनजे गाडी खात्याची नाय, अन् भोंगा खात्याचा? लोकांना फसवून हितवर आनलं? चला ठान्यात!"

 पोलीस ठाण्याची पायरी कडुबाराव कधी चढले नव्हते. गाडी घेतली तीसुद्धा मैदानातल्या लिलावात. त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि चार वर्षांत त्यांच्यासाठी न उठलेला आवाज थेट कानाशी फुटला.

"खबरदार! भाऊ हाय माझा तो! माझ्या घरी पाव्हने घेऊन आलाय, कुनाच्या घरी दरोडा नाय टाकला! अन् तुम्ही सगळे हुबे का? बसा! पानं मांडलीत!"

सोमनाथ गर्दीकडे वळले. "मला सांगा, कुनाकुनाला फसवून आनलं? नावं लिहून घेतो."

वाऱ्याची झुळूक आली ती वांग्याच्या भाजीवरून. केसरबाईंनी नाक वर केलं आणि पदर सावरला. "फसवून? आम्हाला तर आवतनच होतं. व्हय ना गं?" मागच्या चौदा बायकांनी माना हलवल्या.

"हौ," नोमान म्हणाला. "दावत को आए हम. पॅसेंजर भी."

पॅसेंजर दाताच्या डॉक्टरकडे निघाला होता, पण त्यानंही दाढ दाबत होकार भरला. पेट्रोल संपलेला गृहस्थ नुकताच गाडी ढकलत पोहोचला होता. त्याला काही विचारण्याआधीच तो खाली बसला.

हवालदारांची वही कोरी राहिली. त्यांनी दम भरला, की उद्याच्या उद्या भोंगा काढून आणि गाडीला रंग देऊन ठाण्यात दाखवायला आणायची. मग टोपी मांडीवर ठेवून तेही पंगतीच्या टोकाला बसले. दोन पंगती उठल्या. आचाऱ्याला बुंदी झाकायची वेळच आली नाही.

धाकट्याच्या पानावर बुंदी वाढता वाढता सांडूराव थबकले. "तू मला हलू लागा म्हनला होतास."

"हळू बोला म्हणालो होतो, दादा."

सांडूरावांनी ओगराळं पुन्हा बुंदीत बुडवलं. "मग हे मोठ्यानं म्हनायचं ना, येड्या!" आणि त्यांनी पान दिसेनासं होईपर्यंत बुंदी वाढली.

खरी पंचाईत जेवणानंतर झाली. गल्ली अरुंद, वाहनं पन्नास आणि प्रत्येकाचं तोंड आत. केसरबाईंना पापड विकायचे होते, पॅसेंजरला दाढ काढायची होती, सगळे एकदम हॉर्न वाजवायला लागले. सोमनाथांनी शिट्टी फुंकून गाल दुखवून घेतले. सांडूरावांनी पाव घटका ओरडून रस्ता मोकळा करायचा प्रयत्न केला, त्यात गुंता वाढला आणि दोघांशी नवं भांडण झालं.

शेवटी सोमनाथ कडुबारावांच्या खिडकीशी आले. इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाले, "काका, तुमच्या बाईला जरा बोलायला सांगता का? एकदाच. शेवटचं."

कडुबारावांनी स्क्रीनवर घरचा पत्ता टाकला आणि खटका खाली ओढला.

"पन्नास मीटर मागे या," असं काही बाई म्हणाली नाही. तिला मागे येणं ठाऊकच नव्हतं. ती तिच्या नेहमीच्या शांत सुरात एवढंच म्हणाली, "यू-टर्न घ्या."

हॉर्न थांबले. आधी दुचाक्या वळल्या, मग त्यांनी केलेल्या जागेत रिक्षा, मग मांडवाचा एक खांब हलवून मिनीबस. बाई सांगत गेली आणि वाहनं निघत गेली. कुणी कुणाला शिवी दिली नाही. केसरबाईंनी खिडकीतून पापडाचं एक पुडकं सांडूरावांच्या हातात कोंबलं आणि मिनीबस रस्त्याला लागली.

सांडूराव सगळं पाहत उभे होते. गल्ली मोकळी झाली तशी ते गाडीच्या पुढं आले, जाळीपाशी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि रत्नमालाबाईंनासुद्धा कान द्यावा लागला इतक्या खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, तुमचं जेवायचं राहिलं."